स्वप्नातील अक्षर आणि अर्थनिर्णयाचा प्रश्न : अंबाजोगाईची पंचीकरण-परंपरा व तुकाराम-बहिणाबाई यांचे स्वप्नानुभव

प्रस्तावना

स्वप्नात दिसलेला साप, पाणी, पडलेला दात यांचे अर्थ सांगणारी पुस्तके गावोगावच्या जत्रांत व बसस्थानकांवरील पुस्तकविक्रेत्यांकडे मिळतात. स्वप्नात अक्षर दिसले तर काय, या प्रश्नाला मात्र अशा पुस्तकांत समाधानकारक उत्तर आढळत नाही. साप ही वस्तू आहे, अक्षर ही खूण आहे. वस्तूचा अर्थ स्वप्नशास्त्र ठरवू पाहते, पण खुणेला तिचा अर्थ समाजाने आधीच दिलेला असतो. त्यामुळे स्वप्नातील अक्षराचा अर्थ लावणारा माणूस दोन अर्थांच्या कात्रीत सापडतो : अक्षराचा जागृतीतील अर्थ घ्यावा, की त्यापलीकडे स्वप्नाने काही वेगळे सांगितले असे मानावे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मराठी संतसाहित्याच्या आधारे केला आहे. विचाराचे केंद्र बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे आहे. मुकुंदराज आणि दासोपंत या दोन ग्रंथकारांमुळे जागृती, स्वप्न व सुषुप्ती या अवस्थांची चर्चा मराठीत ज्या स्थळांशी जोडली गेली, त्यांत अंबाजोगाईचे स्थान महत्त्वाचे आहे. या चर्चेच्या प्रकाशात तुकाराम व बहिणाबाई शिऊरकर यांच्या स्वप्नानुभवांकडे पाहिले असता, स्वप्नातील अक्षराबाबत ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि ‘हे कोणी दिले व ते घेण्याचा अधिकार कोणाला’ हा प्रश्न पुढे येतो, असे दिसते. सतराव्या शतकात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. त्यासाठी वह्या पाण्यात बुडवल्या गेल्या आणि एका स्त्रीला घरात मार खावा लागला.

कोष्टकाची पद्धत आणि तिच्या मर्यादा

भारतीय स्वप्नविचार मुख्यतः वस्तूंची व प्रसंगांची वर्गवारी करतो. बाराव्या शतकातील जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणि’ हा ग्रंथ शुभ व अशुभ स्वप्नांची अशीच मांडणी करतो. पहाटेचे स्वप्न लवकर फळते हा आजही बोलला जाणारा समज याच विचारातून आला आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. त्यांपैकी पहिले पाच निष्फळ मानले आहेत. म्हणजे जे पूर्वी पाहिले, ऐकले, अनुभवले, इच्छिले वा कल्पिले ते स्वप्नात आले तर त्यात भविष्यसूचन शोधू नये, असा वैद्याचा सल्ला आहे. हे वर्गीकरण पुढे तुकारामांच्या संदर्भात उपयोगी पडेल.

अक्षरांसाठी स्वतंत्र कोष्टक हवे असेल तर लोकव्यवहारात ते ज्योतिषाकडून घेतले जाते. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण व प्रत्येक चरणाला एक अक्षर अशी 108 अक्षरांची मांडणी अवकहडा चक्रात असते. अश्विनीला चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात. बारशाच्या वेळी नावाचे आद्याक्षर या चक्रावरून काढले जाते. या कोष्टकाला स्वप्नाची किल्ली मानले की ‘ल’ दिसला म्हणजे ‘ल’ ज्याच्या नावाचे आद्याक्षर आहे त्या व्यक्तीशी संबंध येणार, इतकेच उत्तर हाती लागते. जन्मनावासाठी तयार झालेले साधन स्वप्नाला लावताना स्वप्न पाहणाऱ्याचे आयुष्य विचारातच घेतले जात नाही, ही या पद्धतीची मोठी उणीव होय.

संक्षेपांच्या बाबतीत ही उणीव अधिक ठळक होते. मराठी पत्रलेखनाने व छापील मजकुराने संक्षेपांचे एक संपूर्ण जग उभे केले आहे. ‘चि.’, ‘ती.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’, ‘ह. भ. प.’, ‘शि. सा. न. वि. वि.’ या अक्षरांत वय, नाते, वैवाहिक स्थिती व आदर यांचा हिशेब असतो. एखाद्या स्त्रीच्या नावामागील ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ येते तेव्हा एका अक्षराच्या बदलाने तिचा सामाजिक दर्जा पालटलेला असतो. मृत्यूची खूणही एकच नाही. सर्वसाधारण हिंदू कुटुंबात ‘कै.’ लिहितात, वारकरी घरात ‘वै.’ लिहिण्याची प्रथा आहे आणि मुस्लिम कुटुंबातील दिवंगत व्यक्तीच्या नावामागे मराठीत ‘पै.’ लावले जाते. गंमत अशी की हेच ‘पै.’ कुस्तीच्या फडाच्या जाहिरातीवर पैलवानाच्या नावामागे दिमाखाने झळकते. तेव्हा स्वप्नात एखाद्या नावामागे ‘पै.’ दिसले तर शोक करावा की आखाड्याकडे जावे, हे कोणतेही कोष्टक सांगू शकत नाही. ते स्वप्न कोणाच्या घरात पडले यावर अवलंबून आहे. बीडच्या वाहनांवरील ‘एम. एच. 23’ ही अक्षरे परिवहन कार्यालयाच्या लेखी केवळ नोंदणीची असतात, पण ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने परमुलखात राहणाऱ्या माणसाला त्याच अक्षरांत गावाकडचा रस्ता दिसू शकतो.

किल्ली असलेले अक्षर आणि किल्ली नसलेले अक्षर यांतील भेद याच जिल्ह्यातील आणखी एका परंपरेमुळे लक्षात येतो. गेवराई तालुक्यातील गोदातीरावरचे पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे पूज्य स्थान आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजलेले असे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाचे एक मोठे दालन अभ्यासकांना खुले झाले. हे शक्य झाले, कारण ते संकेत जागेपणी व ठरवून केलेले होते. जे एकाने लपवले ते दुसऱ्याला शोधता येते. स्वप्नातील अक्षर कोणी ठरवून लपवलेले नसते, म्हणून त्याला राजवाडे मिळणे कठीण.

अक्षर फोडून अर्थ काढण्याची रीत मात्र जुनी व जगभर पसरलेली आहे. इ. स. पूर्व 332 मध्ये टायर या शहराला वेढा दिला असताना सिकंदराच्या स्वप्नात सॅटिर नावाचा वनदेव आला. त्याच्या पदरी असलेल्या स्वप्नज्ञाने ‘सातिरोस’ या ग्रीक शब्दाची ‘सा तिरोस’ अशी फोड करून ‘टायर तुझे आहे’ असा अर्थ दिला. ही हकिगत प्लुटार्कने व स्वप्नविषयक ग्रीक ग्रंथाचा कर्ता आर्टेमिडोरस याने सांगितली आहे. शहर पडले, म्हणून अर्थ खरा ठरला. शहर पडले नसते तर ही फोड कोणी लक्षात ठेवली असती, असे वाटत नाही.

फ्रॉइड : छापील पाटी आणि रासायनिक सूत्र

सिग्मंड फ्रॉइड याने आपल्या स्वप्नमीमांसेत सिकंदराच्या या स्वप्नाचा गौरवाने उल्लेख केला आहे. 1899 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या व मुखपृष्ठावर 1900 हे वर्ष छापलेल्या या ग्रंथाने कोष्टकाची पद्धत स्पष्टपणे नाकारली. तीच खूण दोन माणसांच्या स्वप्नांत दोन अर्थ धारण करते, हे त्याचे प्रतिपादन वर चर्चिलेल्या ‘पै.’ला तंतोतंत लागू पडते. त्याने स्वप्नाची तुलना चित्रकोड्याशी केली. कोड्यातील चित्र चित्र म्हणून पाहिले तर विसंगत वाटते, प्रत्येक चित्राच्या जागी अक्षर वा शब्द ठेवला की वाक्य तयार होते.

त्याची स्वतःची दोन स्वप्ने येथे महत्त्वाची आहेत. जुलै 1895 मधील इर्माच्या स्वप्नात ट्रायमेथिलअमाइन या द्रव्याचे सूत्र त्याला ठळक छापील अक्षरांत दिसले. 1896 मध्ये वडिलांच्या अंत्यविधीच्या सुमारास पडलेल्या दुसऱ्या स्वप्नात रेल्वेच्या प्रतीक्षालयात लावतात तशी छापील सूचना होती. तिचे दोन पाठ त्याला आठवले : ‘डोळे मिटावेत’ आणि ‘एक डोळा मिटावा’. पहिल्यात मृत पित्याचे डोळे मिटण्याचे पुत्रकर्तव्य आहे. दुसऱ्यात चुकीकडे दुर्लक्ष करण्याची विनवणी आहे. मराठीत ज्याला कानाडोळा करणे म्हणतात, तेच. अंत्यविधी साधेपणाने उरकल्याबद्दल घरच्या मंडळींच्या नाराजीची पार्श्वभूमी या विनवणीला होती. दोन पाठांपैकी एकच खरा असा निर्णय त्याने केला नाही, हे त्याच्या वाचनाचे बळ आहे. पुढे जाक लाकाँ याने 1957 च्या निबंधात अक्षर हेच अचेतनाच्या रचनेचे मूळ मानले आणि फ्रॉइडच्या चित्रकोड्याला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा दिली.

तथापि या विचाराची एक मर्यादा मराठी उदाहरणांपुढे उघड होते. फ्रॉइडच्या स्वप्नात पाटी कोणी लावली हा प्रश्न उद्भवत नाही. पाटी लावणारा, वाचणारा व अर्थ लावणारा हे तिघेही एकच. संतांच्या स्वप्नात अक्षर देणारा दुसरा कोणी असतो. त्याला नाव असते, त्याचा हात मस्तकावर येतो. हा ‘दुसरा’ मनाचाच खेळ आहे असे आधुनिक वाचक म्हणेल आणि त्याला तसे म्हणण्याचा अधिकार आहे. पण त्यामुळे त्या स्वप्नाने समाजात घडवलेल्या गोष्टींचा उलगडा होत नाही.

अंबाजोगाई : उकाराचे स्थान

मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110, म्हणजे इ. स. 1188 मध्ये रचला गेला असे परंपरा मानते. या कालाबद्दल आणि अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरा या स्थलाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे आणि गावाची स्मृती त्यांच्याभोवती बांधली गेली आहे. अद्वैत वेदान्तातील देह व अवस्था यांचा विचार संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी मराठीत आणणे हे या ग्रंथाचे कार्य होय. चार शतकांनंतर त्याच गावात दासोपंत (1551–1615) यांनी हाच विषय वेगळ्याच पृष्ठभागावर मांडला. त्यांच्या नावावर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ सांगितला जातो. परंतु कागदावर मावले नाही म्हणूनच की काय, त्यांनी पंचीकरण एका लांबलचक कापडावर लिहिले. ही पासोडी मराठी हस्तलिखितांतील आगळी वस्तू आहे. पांघरून झोपायच्या कापडावर जागृती-स्वप्नाचे शास्त्र लिहिले जावे, यातील औचित्य दासोपंतांना जाणवले असेल काय, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

पंचीकरण-परंपरेतील मांडणी येथे महत्त्वाची आहे. तीत प्रत्येक देहाला एक अवस्था, एक स्थान, एक वाणी व ओंकाराची एक मात्रा जोडलेली असते. स्थूल देह, जागृती, नेत्रस्थान, वैखरी व अकार ही एक ओळ. सूक्ष्म देह, स्वप्न, कंठस्थान, मध्यमा व उकार ही दुसरी. कारण देह, सुषुप्ती, हृदय, पश्यंती व मकार ही तिसरी. महाकारण, तुर्या, मूर्ध्नी, परा व अर्धमात्रा ही चौथी. वरवर पाहता हेही कोष्टकच आहे. मात्र जत्रेतील पुस्तकाच्या कोष्टकाहून त्याची दिशा उलटी आहे. तेथे स्वप्नातील अक्षराचा अर्थ शोधतात, येथे स्वप्न ही अवस्थाच एका अक्षराचा अर्थ आहे. उकार म्हणजे स्वप्न.

या योजनेचे मूळ मांडूक्य उपनिषदात आहे आणि तेथील युक्ती संक्षेपाचीच आहे. अकाराचा संबंध आप्ती किंवा आदिमत्त्व यांच्याशी, उकाराचा उत्कर्ष किंवा उभयत्व यांच्याशी आणि मकाराचा मिती किंवा अपीती यांच्याशी लावला आहे. ‘अपीती’चा अपवाद सोडला तर ही सर्व आद्याक्षरे आहेत. एका अक्षरामागे एक शब्द व त्या शब्दामागे एक अवस्था अशी ही उतरंड आहे. त्यांतील ‘उभयत्व’ हा शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. उकार अकार व मकार यांच्या मधला, स्वप्न जागृती व गाढ झोप यांच्या मधले.

मराठी परंपरेने त्यात कंठस्थान व मध्यमा वाणी यांची भर घातली तेव्हा स्वप्नातील अक्षराला नेमकी जागा मिळाली. मध्यमा म्हणजे शब्द घडलेला आहे, पण ओठांवर आलेला नाही. स्वप्नात मिळालेले अक्षर कंठात अडकलेले अक्षर आहे. त्याचा अर्थ उलगडणे ही त्याची गरज नव्हे. त्याची गरज वैखरीत येण्याची, म्हणजे उच्चारले जाण्याची आहे. अंबाजोगाईच्या परंपरेने हा विचार स्वप्नफळ सांगण्यासाठी केलेला नाही, देहनिरसन हा तिचा हेतू होता. तरीही तिने दिलेली ही भूमी लक्षात घेतल्याशिवाय पुढील शतकातील दोन स्वप्ने नीट वाचता येत नाहीत.

तुकाराम : विसरलेले तूप आणि आठवलेला मंत्र

तुकारामांनी आपल्या गुरुपदेशाचा वृत्तान्त एका अभंगात दिला आहे. गंगास्नानाला जात असता वाटेत सत्पुरुष भेटला. त्याने मस्तकी हात ठेवला आणि भोजनासाठी पावशेर तूप मागितले, पण स्वप्नात त्याचा विसर पडला. काही अंतराय उपजला असावा, म्हणून तो सत्पुरुष घाईने निघून गेला. जाण्यापूर्वी त्याने राघवचैतन्य व केशवचैतन्य ही परंपरेची खूण सांगितली, आपले नाव बाबाजी असे सांगितले व ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी व गुरुवार हा दिवसही नोंदला आहे. या नोंदीवरून वर्ष निश्चित करण्याचा प्रयत्न अनेक अभ्यासकांनी केला, एकमत झाले नाही.

या वृत्तान्ताला चरकाचे वर्गीकरण लावले तर निकाल विपरीत लागतो. राम, कृष्ण व हरी ही तीन नावे कीर्तन ऐकणाऱ्या कोणालाही ठाऊक होती. म्हणजे हे ‘श्रुत’ स्वप्न. आपल्या मनातला भाव ओळखून आवडीचाच सोपा मंत्र दिला असेही तुकाराम सांगतात. म्हणजे ते ‘प्रार्थित’ही आहे. दोन्ही प्रकार निष्फळांच्या यादीतले. माहिती म्हणून पाहिले तर या सहा अक्षरांत नवे काहीच नाही. नवे आहे ते देणे. जे सर्वांना माहीत होते ते एका हाताने एका मस्तकाला दिले गेले आणि त्यामुळे ते घेणाऱ्याचे झाले. ‘रामकृष्णहरी’ हा तीन नावांचा संक्षेप उलगडून दाखवण्याची गरज कोणा वारकऱ्याला वाटली नाही, कारण तो उलगडण्यासाठी नव्हताच.

स्वप्नाच्या कथेकडे संशयाने पाहणारा वाचक येथे एक आक्षेप घेऊ शकतो. जातीने शूद्र गणल्या गेलेल्या कवीला प्रस्थापित गुरुपरंपरेत प्रवेश नव्हता, म्हणून मान्यतेसाठी स्वप्नाची कथा मागाहून रचली गेली असेल. आक्षेप गंभीर आहे आणि संतचरित्रांतील बहुसंख्य स्वप्नांना तो लागूही पडतो. परंतु पावशेर तुपाचे काय? मान्यतेसाठी रचलेल्या कथेत शिष्य गुरूची पहिली मागणी विसरतो आणि गुरू घाईने निघून जातो, हे बसत नाही. हा तपशील कोणाचीही प्रतिष्ठा वाढवत नाही. तो स्वप्नाच्या स्वभावाचा आहे. राहून गेलेली गोष्ट, कारण न कळलेली घाई, हातातून निसटलेला क्षण यांचा अनुभव स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येकाला असतो. टीकाकारांनी मंत्रावर जेवढे लिहिले तेवढे या तुपावर लिहिलेले नाही. वस्तुतः अभंगाच्या प्रामाणिकपणाचा भरवसा तुपाच्या या तपशिलातच आहे.

परंपरेची म्हणून दिलेली दोन नावे मात्र अभ्यासकांनी संक्षेपाप्रमाणेच सोडवायला घेतली. राघवचैतन्य कोण, केशवचैतन्य व बाबाजी एकच की दोन, बंगालच्या चैतन्य संप्रदायाशी यांचा काही संबंध आहे काय, अशा चर्चा झाल्या. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाबाजी चैतन्यांची समाधी दाखवली जाते. स्वप्नात ऐकलेल्या नावांसाठी जागृतीत समाधी शोधणे हा उद्योग इतिहासाला आवश्यकच आहे. अभंगाचा अर्थ मात्र त्या शोधाच्या यशापयशावर टांगून ठेवता येत नाही.

दुसऱ्या एका अभंगात नामदेव पांडुरंगासह स्वप्नात येऊन तुकारामांना कवित्व करण्यास सांगतात. तेथे अक्षराऐवजी संख्या आहे. नामदेवांच्या शतकोटी संकल्पातील उरलेली रचना पूर्ण करायची आहे. परंपरागत चरित्रानुसार रामेश्वर भटांनी या कवित्वावर आक्षेप घेतला तेव्हा तुकारामांनी याच आज्ञेचा आधार सांगितला. तो मान्य झाला नाही आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. वाद अभंगांच्या अर्थाविषयी होता असे म्हणणे अपुरे आहे. ही अक्षरे लिहिण्याचा अधिकार कोणाचा आणि स्वप्नातील आज्ञा हा अधिकाराचा पुरावा होऊ शकतो काय, हा तो वाद होता.

बहिणाबाई : न पाहिलेला गुरू आणि हाती आलेले पुस्तक

बहिणाबाई शिऊरकर (1628–1700) यांचे आत्मचरित्रपर अभंग या वादाचा दुसरा, अधिक घरगुती आणि म्हणून अधिक कठोर भाग समोर ठेवतात. वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या व वैजापूर तालुक्यातील शिऊरशी नाव जोडल्या गेलेल्या या ब्राह्मण स्त्रीने तरुण वयात कोल्हापूरच्या वास्तव्यात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकले. तुकाराम तेव्हा देहूत हयात होते, तरी तिने त्यांना पाहिले नव्हते. कपिला गाईच्या वासराच्या मृत्यूनंतरच्या व्याकूळ दिवसांत तुकाराम तिच्या स्वप्नात आले. त्यांनी मस्तकी हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि ‘मंत्रगीता’ हे पुस्तक दिले.

येथे तुकारामांच्या स्वप्नाची पुनरावृत्ती दिसते, तसा एक महत्त्वाचा फरकही दिसतो. मंत्र ऐकायचा असतो, पुस्तक वाचायचे असते. ज्या स्त्रीला वेदाक्षर वर्ज्य होते आणि जिने त्याबद्दलचे दुःख आपल्या अभंगांत स्पष्ट बोलून दाखवले, तिच्या हाती स्वप्नात लिखित ग्रंथ येतो. वर्णनाचा भर पुस्तक मिळण्यावर आहे, त्यातील मजकुरावर नाही. स्वप्नात वाचलेला मजकूर पुन्हा पाहिला की बदलतो, असा अनुभव आधुनिक स्वप्नाभ्यासकांनीही नोंदवला आहे. बहिणाबाईंच्या स्वप्नाला या अडचणीशी कर्तव्य नाही. पुस्तक मिळाले, येथेच त्याचा अर्थ पूर्ण होतो. लाकाँच्या भाषेत सांगायचे तर अक्षर येथे आशय वाहून आणत नाही, घेणाऱ्याची जागा बदलते. मात्र लाकाँच्या चर्चेत नसलेली गोष्ट ही की ती जागा बदलल्याची किंमत एका देहाला मोजावी लागली.

ब्राह्मण स्त्रीने शूद्राकडून, तेही स्वप्नात, उपदेश घ्यावा हे तिच्या पतीला सहन झाले नाही. त्याचा संताप, मारहाण, घर सोडून जाण्याचा विचार, नंतरचे आजारपण व पश्चात्ताप हे सर्व बहिणाबाईंनीच सांगितले आहे. लक्षात घेण्यासारखे असे की पतीने स्वप्न खोटे असल्याचा युक्तिवाद केंद्रस्थानी ठेवला नाही. स्वप्न भ्रम आहे असे त्याने मनोमन मानले असते तर दुर्लक्ष करता आले असते. त्याचा राग स्वप्न खरे मानल्याचा पुरावा आहे. त्या घरात, त्या शतकात, स्वप्नातील अक्षर ही घडलेली घटना होती आणि तिने कुळाचा नियम मोडला होता. फ्रॉइडच्या सूत्राने किंवा अवकहडा चक्राने हा राग समजत नाही. पंचीकरणाने तो समजतो. मध्यमेत आलेले अक्षर वैखरीत येणारच, आज कंठात आहे ते उद्या गावात ऐकू येईल, याची धास्ती त्यात आहे.

धास्ती खोटी नव्हती. पुढे हे कुटुंब देहूला गेले. तेथे मंबाजींकडून छळ झाला, तरी बहिणाबाईंनी लेखन थांबवले नाही. ब्राह्मण कोणाला म्हणावे हा प्रश्न विचारणाऱ्या ‘वज्रसूची’चा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. आपली गुरुपरंपराही त्यांनी सांगितली. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी ती खाली उतरत येते आणि पुढे राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी व तुकोबा यांच्यापर्यंत पोचते. या यादीतील गहिनीनाथांचे स्थान म्हणून बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यातल्या चिंचोलीचा गहिनीनाथगड ओळखला जातो. तुकारामांना जी नावे स्वप्नात, घाईत, केवळ खुणेपुरती ऐकू आली होती, ती बहिणाबाईंच्या यादीत नाथांच्या रांगेत जागेपणी उभी आहेत, आणि त्या रांगेच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव लिहिले आहे.